अर्धा तास अंधार पाहिजे

लाईट आणा म्हणून विजेच्या ऑफिसात जाऊन भांडलेली माणसं आमच्या हदगावात गल्लोगल्ली सापडतील. लाईट घालवा म्हणून तिथं गेलेला माणूस एकच, आणि तो मी. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी बढाई आहे, पण ती अगदी शेवटी येते. त्याआधी सगळी माझी शोभाच झालेली आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. सूर्यमालेच्या धड्यात धूमकेतू येतो, आणि त्याची आकृती मी फळ्यावर इतकी झकास काढतो की चित्रकलेचे सर खडू मागायच्या निमित्तानं येऊन बघून जातात. डोकं कुठं, शेपूट कुठं, शेपूट नेहमी सूर्याच्या उलट दिशेला का, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. अडचण हीच होती, की आजवर मी ते डोळे मिटूनच सांगत आलो. खरा धूमकेतू मी जन्मात पाहिला नव्हता. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होणार. नदी न बघता पोहायला शिकवणारा मास्तर म्हणून घरी बसायचं माझ्या जिवावर आलं होतं. त्यामुळे ऑक्टोबरात संध्याकाळी पश्चिमेला धूमकेतू दिसणार, अशी बातमी आली तेव्हा मी ठरवूनच टाकलं, की हा आपण बघायचा. एकदा गेला की पुन्हा यायला त्याला ऐंशी हजार वर्षं लागतील, असं म्हणत होते. तोवर माझी पेन्शन चालू राहील याची मला खात्री नव्हती.

पहिल्या संध्याकाळी गच्चीवर गेलो, तर आकाशच दिसेना. आमच्या शिक्षक कॉलनीच्या चौकात मागच्या वर्षी उंच खांबावरचा मोठा दिवा बसलाय. तो बसावा म्हणून आम्हीच वर्षभर पालिकेच्या मागे लागलो होतो आणि निवेदनावर पहिली सही माझी होती. आता त्याच्या उजेडात आमच्या गच्चीवर सुईत दोरा ओवता येतो. मी कपाळावर आडवा हात धरून पश्चिमेकडं बघत होतो, तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून उद्धवरावांचा आवाज आला.

"सर, काय बघून राहिलात?"

"धूमकेतू."

"ह्यो काय की."

उद्धवराव तहसीलमधून निवृत्त झालेत. नोकरीत असताना ते कुठल्याही प्रश्नाला 'उद्या या' म्हणायचे. त्याची भरपाई म्हणून की काय, आता कुठलंही उत्तर ते जागेवर देतात. त्यांनी बोट दाखवलं तो शुक्र होता. मी तसं सांगितल्यावर त्यांनी बोट थोडं सरकवलं.

"मग तो?"

"तो मोबाईलच्या टॉवरचा दिवा आहे."

"तो बी नवीनच दिसून राहिलाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा जराही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी किनवटला मेहुण्याला फोन लावला. आनंदराज जंगल खात्यात आहे आणि त्याच्याकडं दुर्बीण आहे. त्यानं ती एसटीच्या ड्रायव्हरसोबत पाठवली आणि वर फोन करून बजावलं, "दाजी, सरकारी वस्तू हाय. धूमकेतूच बघा, दुसरं काही बघू नका." मला हे लागलं. पण दुर्बिणीची सवय व्हावी म्हणून मी दुपारी गच्चीवरून पाण्याची टाकी, विजेची डीपी, बाभळीवरचा बगळा असं एकेक लावून बघत होतो, तेव्हा समोरच्या ओळीतल्या सगळ्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. संध्याकाळी सौदामिनीकाकू आमच्याकडं साखर मागायला आल्या. सौदामिनीकाकू म्हणजे कॉलनीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या घरी साखर नसणं शक्यच नव्हतं. वाटी हातात धरून त्यांनी माझ्या बायकोला, उज्वलाला, हळू आवाजात विचारलं, "वहिनी, सरांची तब्येत बरी हाय ना?"

आता खुलासा करणं भाग होतं. तो करता करता माझ्या तोंडून निघून गेलं, की धूमकेतू मी एकटा नाही, सगळ्या कॉलनीला दाखवणार आहे. पंचाईत इथून सुरू झाली.

काकूंनी वाटी खाली ठेवली. "शेंडेनक्षत्र म्हणतात ते हेच ना? आमच्या सासूबाई म्हणायच्या, ते दिसलं की राज्य पालटतंय."

भिंतीपलीकडून उद्धवराव म्हणाले, "मग तर लई लोक येतील. निवडणूक तोंडावर हाय."

उज्वलाचं म्हणणं सोपं होतं. "गावाबाहेर शेतात जाऊन बघा की. तिथं अंधारच अंधार आहे." ते मलाही सुचलं होतं. पण दिवस सोयाबीन काढणीचे होते. शेताशेतात ढीग लागलेले, आणि ढीग राखायला बसलेला माणूस आधी काठी घालतो, मग नाव विचारतो. शिवाय अख्खी कॉलनी, म्हातारी माणसं आणि खुर्च्या घेऊन कोणाच्या शेतात घुसायचं? त्यापेक्षा अंधारच कॉलनीत आणावा, असा विचार मी केला. आमच्याकडं लाईट दिवसातून दोनदा तरी जाते. ती अर्धा तास ठरवून घालवायला विजेच्या ऑफिसला काय जड आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

ऑफिसातले साहेब निघाले सर्वेश, माझाच विद्यार्थी. मला बघून उठला, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी काम सांगितल्यावर मात्र त्यानं हातातला पेन खाली ठेवला.

"सर, लाईट घालवायची आमच्याकडं पद्धत न्हाई. ती आपोआप जाते."

"मग सात वाजता आपोआप जाऊ दे."

"आपोआप जाणाऱ्या लाईटची येळ कशी सांगायची, सर?"

वर्गात असा तर्क त्यानं एकदा जरी लढवला असता, तरी मी त्याला पहिल्या बाकावर बसवला असता. शेवटी तो म्हणाला, ठरवून बंद करायची तर दुरुस्तीचं कारण लागतं. तारेला झाडाची फांदी घासते असं लिहून द्या. मी म्हणालो, आमच्या डीपीजवळ झाडच नाही. तो म्हणाला, मग कठीण आहे. मी बाणेदारपणे उठलो. विज्ञानाचा शिक्षक नसलेल्या झाडाची फांदी लिहून देणार नाही, असं दारातून सुनावलं आणि घरी आलो.

घरी पोचायच्या आत लाईट गेली. ही त्या दिवशीची नेहमीची, स्वतःच्या मर्जीनं जाणारी लाईट होती. पण मी विजेच्या ऑफिसात कशाला गेलो होतो, ते माझ्याआधी कॉलनीत पोचलं होतं. कोपऱ्यावर सिद्धलिंगची पिठाची गिरणी आहे. तो अंगाला पीठ लागलेला तसाच रस्त्यात येऊन उभा राहिला आणि अगदी अजिजीनं म्हणाला, "सर, ज्वारी अर्धी दळून झाली होती. तेवढी होऊ दिली असती तर बरं झालं असतं."

तिथून पुढं दोन दिवस गावातला प्रत्येक अंधार माझ्या नावावर पडला. दुपारी गेली तरी सर. पहाटे गेली तरी सर. एका पालकांनी मला शाळेच्या फाटकात गाठलं आणि विचारलं, उद्या घरी पाहुणे आहेत, मोटार लावून टाकी भरायची आहे, तर किती वाजेपर्यंत ठेवणार? मी तत्त्वाचा माणूस आहे, पण इतका आदर मला मुख्याध्यापकांकडूनही मिळाला नव्हता. मी म्हणालो, दहापर्यंत भरून घ्या. लाईट साडेदहाला गेली. त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी पेढे आणून दिले.

मधे उद्धवरावांनी प्रकरण हातात घेतलं. "सर, अर्जात खरं कारण लिहायचं नसतं. मंजूर व्हईल असं लिहायचं असतं," असं मला समजावून ते एकटेच सर्वेशकडं गेले आणि मंजुरी घेऊन आले. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी डीपीशेजारी एका कुंडीत शेवग्याची फांदी खोचलेली दिसली.

आता तारीख ठरवायची होती. ती सौदामिनीकाकूंनी ठरवली. "लोकांना वेगळं कामून बोलवायचं? कोजागिरीला सगळी कॉलनी मैदानात येतेच की. सांजचं बघून घेऊ, तवर दूध आटतंय." मला हे अतिशय पटलं. माणसं, खुर्च्या, सतरंज्या, दूध, सगळं आयतं. शेजारी उज्वलानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मी तिला हातानं थांबवलं. दूध किती लिटर लागेल हेच ती विचारणार, अशी माझी समजूत झाली.

'चला, धूमकेतू पाहू या' असा फलक मी स्वखर्चानं चौकात लावला. कोजागिरीच्या आदल्या दिवशी निवडणूक जाहीर झाली आणि संध्याकाळी आचारसंहितेची गाडी फलक काढायला आली. मी गाडीतल्या माणसाला समजावलं, की हा आकाशातला आहे. तो म्हणाला, "सगळे तसंच म्हणतात." मग त्यानं विचारलं, हा अपक्ष आहे का? मी म्हणालो, एका अर्थी अपक्षच, पण पुढची ऐंशी हजार वर्षं कुठलीही निवडणूक लढवणार नाही. त्यानं फलकाची गुंडाळी केली आणि पुढच्या फलकाकडं गेला.

अशा सगळ्या दिव्यांतून पार पडून कोजागिरीची संध्याकाळ आली. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मैदानाच्या पूर्वेच्या कडेला काकूंनी मोठ्या पातेल्यात दूध चढवलं होतं. केशर, जायफळ, चारोळ्या, सगळा थाट होता. पश्चिमेकडं तोंड करून खुर्च्या मांडलेल्या. शाळेतले सहकारी आले होते, सिद्धलिंग गिरणी बंद करून आला होता. सर्वेश साहेब स्वतः आला आणि डीपीजवळ लाईनमन ग्यानोबाला उभा करून माझ्या शेजारी बसला. मी नवा शर्ट घातला होता. धूमकेतूवर थोडं बोललो. थोडं म्हणजे लोक खुर्चीत चुळबुळ करेपर्यंत. मग हात वर केला. सर्वेशनं ग्यानोबाला खूण केली, आणि लाईट गेली.

टाळ्या वाजल्या. लाईट गेल्यावर टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. त्या थांबल्या तेव्हा मला जाणवलं, की टाळ्या वाजवणारे सगळे मला दिसताहेत. सर्वेशच्या शर्टाच्या चौकटी दिसताहेत. मागच्या रांगेत बसलेल्या उद्धवरावांच्या चष्म्याची काडी कुठं चिकटवलीय, तेही दिसतंय.

शहाण्या वाचकाच्या हे केव्हाच लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात ते त्या क्षणी आलं. मी सावकाश मागं वळलो. दुधाच्या पातेल्याच्या वर, कडुलिंबाच्या शेंड्यावर, परातीएवढा पूर्ण चंद्र आला होता. कोजागिरी पौर्णिमेलाच असते, ही गोष्ट मला पाळण्यात असल्यापासून माहीत होती. चंद्राच्या उजेडात अंधुक धूमकेतू दिसत नाहीत, हेही मीच दरवर्षी शिकवतो. फक्त या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात कधी गाठ पडली नव्हती.

सौदामिनीकाकू पळीनं दूध ढवळता ढवळता म्हणाल्या, "सर, ह्याला कुठल्या ऑफिसातून बंद करायचं?"

पुढचं हसणं मैदानभर पसरलं. सर्वेशनं रुमाल तोंडाला लावला. लोकांनी खुर्च्या उचलल्या, चंद्राकडं फिरवून मांडल्या आणि दुर्बिणीतून मजेत चंद्र बघितला. पश्चिमेकडं मी एकटाच अर्धा तास दुर्बीण फिरवत राहिलो. शुक्राशिवाय काही हाती लागलं नाही. उज्वलानं माझ्या हातात दुधाचा पेला दिला आणि म्हणाली, "मी त्या दिवशी सांगणारच होते." मी म्हणालो, "मग सांगितलं का नाहीस?" तिनं माझ्याकडं फक्त बघितलं. दूध फार चांगलं झालं होतं. मला ते गिळवत नव्हतं.

खरं सांगतो, लोकांच्या हसण्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं असतं. स्टाफरूममध्ये गणिताचे सर 'आता सूर्यग्रहण रात्री ठेवू या का' म्हणाले, तेही मी सोसलं. पण धूमकेतू दिवसेंदिवस फिका होत लांब चालला होता, आणि मी अजून त्याला पाहिला नव्हता. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला फळ्यावरची माझीच आकृती दिसायची. ती इतकी खोटी कधी वाटली नव्हती.

पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो. तिसऱ्या संध्याकाळी मावळतीचा उजेड गेल्यावर चंद्र यायला थोडा अवकाश राहणार होता. या वेळी मी कोणाला काही सांगितलं नाही. अर्ज नाही, फलक नाही. मी आणि उज्वला गुपचूप गच्चीवर गेलो. चौकातला दिवा होताच. त्याचा उजेड अडवायला उज्वलानं घरातलं सूप आणलं होतं आणि ते माझ्या कानाजवळ आडवं धरून ती उभी होती. अशा अवस्थेत मी शुक्रापासून वर, थोडं उजवीकडं, पुन्हा खाली, असा आकाश चाळत होतो. आकाश राखेसारखं फिकट होतं. काही दिसेना. उज्वला म्हणाली, माझा हात दुखतोय. मी म्हणालो, आणखी थोडं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

आणि लाईट गेली.

चौकातला दिवा, सगळी घरं, पलीकडचा बाजार, सगळं एकदम विझलं. यात माझा काडीचा संबंध नव्हता. पण खाली दारं उघडल्याचे आवाज आले, आणि मग उद्धवरावांचा: "सरांनी पुन्हा घालवली." मग सिद्धलिंगचा: "अहो, आता तर गहू टाकले होते." मग काकूंचा, सगळ्यांत वरच्या पट्टीत: "सिरियलची येळ हाय, काही इचार हाय का न्हाई? चला, विचारू त्यास्नी." आमचं फाटक वाजलं. जिन्यावर पावलं वाजू लागली.

मी ते ऐकत होतो आणि ऐकत नव्हतो. कारण शुक्राच्या वर, उजव्या हाताला, काळ्या आकाशात एक पुसट पांढरा पट्टा उभा होता. फळा घाईत पुसल्यावर खडूची रेघ मागं राहते, तसा. खाली बारीक डोकं, आणि शेपूट वर, सूर्य बुडाला होता त्याच्या बरोब्बर उलट. मी दुर्बीण काढून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. तरीही होता. इतकी वर्षं मी जे सांगत होतो, ते सगळं खरं होतं. मी उज्वलाच्या हातात दुर्बीण दिली आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. तिनं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि माझा दंड धरला.

तेवढ्यात सौदामिनीकाकू गच्चीवर आल्या. "सर, हे काही बरं न्हाई," एवढंच त्या म्हणू शकल्या. उज्वलानं त्यांच्या डोळ्यांना दुर्बीण लावली आणि मान धरून वळवली. काकू गप्प झाल्या. कॉलनीत राहायला आल्यापासून मी काकूंना गप्प झालेलं प्रथमच पाहत होतो. मग जिन्यावरच रांग लागली. भांडायला आलेली माणसं आपापला नंबर धरून उभी राहिली. "आई गं," कोणीतरी हळूच म्हणालं. सिद्धलिंगनं बघून झाल्यावर हात जोडले. उद्धवरावांनी दुर्बीण बराच वेळ डोळ्यांना लावली आणि मान हलवली. "ह्यो न्हाई वाटत," ते म्हणाले.

सिद्धलिंग माझ्याजवळ सरकला. "सर, खरं सांगा. तुम्हीच घालवली ना?"

मी आयुष्यात नसलेल्या झाडाची फांदी लिहून दिली नाही. पण माझ्या गच्चीवर अर्धी कॉलनी मान वर करून उभी होती, आणि हसत कोणी नव्हतं.

"हाव," मी म्हणालो. "मग काय आपोआप जाते का?"

अजून निम्मी रांग जिन्यावर असतानाच लाईट आली. चौकातला दिवा भक्कन पेटला आणि आकाश चुना फासल्यासारखं पांढरं झालं. आमच्याकडं लाईट आली की सगळ्या घरांतून एकदम 'आली, आली' असा गलका होतो. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. सौदामिनीकाकू तेवढ्या कठड्याशी गेल्या. खाली डीपीजवळ ग्यानोबा हत्यारं पिशवीत भरत होता.

"ग्यानोबा," काकूंनी हाक मारली, "कोणाला इचारून लावली रं? सर अजून दाखवून राहिलेत."

ग्यानोबानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी सावकाश मान डोलावली. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि लाईट घालवली.